‘मेलस्ट्रॉम’चा अर्थ पाठ करू नकोस

अगं, इंग्रजीतला ‘मेलस्ट्रॉम’ म्हणजे ‘गोंधळ’ एवढंच वहीत लिहून थांबू नकोस. शब्द मूळचा डच. ‘मालेन’ म्हणजे दळणं, ‘स्ट्रोम’ म्हणजे प्रवाह. गरगर दळत नेणारं पाणी! जात्यावर दाणा कसा फिरत आत ओढला जातो, ते आठव. पिठासाठीचा इंग्रजी ‘मील’सुद्धा याच धातूचा, मला हे नातं फार आवडतं. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ भरती-ओहोटीमुळे उठणाऱ्या भोवऱ्याचं हे नाव, पुढे मनाच्या आणि समाजाच्या खळबळीलाही लागलं.

म्हणून संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावरच्या नुसत्या कलकलाटाला तो वापरू नकोस. गर्दीने तुला नको त्या जिन्याकडे ओढत नेलं, तर खुशाल वापर. आपलं ‘भोवऱ्यात सापडणं’ अगदी तेच सांगतं.