पन्नास-साठ माणसांच्या चर्चने सोशल मीडियाची सुरुवात कुठून करावी?

तुमची मंडळी पन्नास-साठ जणांची, पाळकसाहेबांनी तरुण संघाला "फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब सगळं चालू करा" असं सांगितलंय, आणि करणारे तुम्ही दोघंच. मी वडोदऱ्यातल्या अशाच एका छोट्या मराठी मंडळीचं हे काम बघतो. माझं ऐकाल तर तिन्ही तूर्त राहू द्या. आधी गूगल मॅप्सवर चर्च नीट सापडतंय का ते बघा.

नगर-नाशिककडून एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली मुलगी किंवा बदली होऊन मकरपुऱ्यात आलेलं कुटुंब तुमचं इन्स्टाग्राम शोधत बसत नाही. ते शनिवारी रात्री 'मराठी चर्च' टाकून बघतात. नोंद असली तरी वेळ नसते, नाहीतर कुणीतरी कधीकाळी टाकलेली जुनी असते. ही नोंद सांभाळायला गूगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट मिळतं. पडताळणीसाठी बहुतेकदा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, पाटी आणि आतली जागा दाखवा. वेळेपुढे 'मराठी उपासना' असं स्पष्ट लिहा, कारण एकाच इमारतीत गुजराती, मराठी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या उपासना असू शकतात. वेदीचा फोटो एक पुरे. दुसरा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून काढा, शेजारचं मेडिकल किंवा फरसाणचं दुकान दिसेल असा. रिक्षावाल्याला तोच दाखवता येतो.

घरच्या माणसांसाठी व्हॉट्सअ‍ॅप. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली अंत्यविधीची वेळ दबून जाते. नवरात्रीत गरब्यामुळे संध्याकाळी रस्ते तुंबतात, तेव्हा घरोघरच्या प्रार्थनासभेची बदललेली वेळ इथेच कळवायची. आमच्याकडे म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि काही सुना गुजराती, त्यांना मराठी समजतं पण वाचायचा कंटाळा. म्हणून पाळकसाहेबांच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा निरोप सगळ्यात जास्त चालतो. कुणाच्या आजारपणाची प्रार्थनाविनंती मात्र त्या घराला विचारल्याशिवाय टाकू नका.

हे बसलं की फेसबुक. चर्चच्या नावाने प्रोफाइल, म्हणजे माणसासारखं वैयक्तिक खातं, नको; पेज काढा. पेजला दोन अ‍ॅडमिन ठेवा, त्यातला एक पंचकमिटीतला. एकट्या मुलाच्या हातात सगळं असलं आणि तो नोकरीला पुण्याला गेला, की पासवर्डही त्याच्याबरोबर पुण्याला जातो.

लाइव्हचा हट्ट सोडा. यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह जायला निदान ५० सबस्क्राइबर लागतात, फेसबुकला १०० फॉलोअर आणि ६० दिवस जुनं खातं. तेवढं जमवलं तरी ऐकू काय येणार? पंखा. त्यापेक्षा फोन पुलपिटावर माइकजवळ ठेवून फक्त संदेश रेकॉर्ड करा आणि त्यातली आठ-दहा मिनिटं टाका. गाणी टाकायची तर ना. वा. टिळकांची भक्तिगीतं घ्या. ते १९१९ साली गेले आणि आपल्याकडे शब्दांचा कॉपीराइट लेखकामागे ६० वर्षं असतो, म्हणजे शब्दांची अडचण नाही. पण चाल किंवा ट्रॅक दुसऱ्या कुणाच्या अल्बममधला वापरलात तर यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम लागू शकतो. जुनी चाल आपल्याच पेटी-तबल्यावर म्हणा.

आता जरा नाजूक गोष्ट. बाप्तिस्म्याचे फोटो आणि चंगाईच्या साक्षी (प्रार्थनेने आजार बरा झाल्याचे अनुभव) पेजवर टाकू नयेत असं माझं ठाम मत आहे. गुजरातचा धर्मस्वातंत्र्य कायदा २००३ चा, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यात धर्मांतराआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुमच्याकडचा बाप्तिस्मा मंडळीतल्याच घरातल्या मुलाचा असला, तरी कापलेली वीस सेकंदांची क्लिप कुठे फिरेल ते तुमच्या हातात नसतं. संडेस्कूलच्या मुलांचे फोटोही आईबापांना विचारूनच. दानाचा क्यूआर कोड पेजवर लावू नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना परदेशी नागरिकाकडून पैसे आले तर ट्रस्टींना निस्तरावं लागतं. कोड चर्चमध्येच, दानपेटीशेजारी असू दे.

राहिलं इन्स्टाग्राम. तरुण संघात कुणाला खरंच हौस असेल आणि वर्षभर टिकेल असं वाटत असेल, तरच उघडा. नाहीतर नाताळचा तारा ऑगस्टपर्यंत पहिल्याच पोस्टमध्ये लटकलेला दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं चर्च बंद पडलं.