चांगली चाललेली संस्था अचानक का फुटते? माणूसही आतून तसाच फुटतो का?

तुम्ही लिहिलंय, ‘आमची वीस वर्षांची संस्था सहा महिन्यांत फुटली. दोष कोणाचा? आणि समाज, संस्था, माणसाचं मन, हे सगळं एकाच पद्धतीने तुटतं का?’ सहा महिन्यांत फुटली असं तुम्हाला वाटतंय. तडा त्याआधी कितीतरी वर्षं गेलेला असणार. तुमच्या या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचंच उत्तर मला नीट देता येईल, कारण तेवढंच मी भोगलंय.

मी पुण्यात एका ढोल-ताशा पथकात आठ वर्षं ताशा वाजवला. पथकाचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं अजून वाजवतात आणि चांगली वाजवतात. २००६ साली आम्ही नऊ जण होतो. कोणी कोथरूडचं, कोणी सिंहगड रोडचं, कोणी धायरीचं. पण आमच्यातल्या सहा जणांचे आजी-आजोबा नारायण पेठेत एकाच बोळात राहिलेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाणी पेठांत शिरलं आणि तो बोळ संपला. माझी आजी गोखलेनगरला गेली, तिची शेजारीण पर्वतीकडे. आजी शेवटपर्यंत म्हणायची, ‘पाण्याने भिंती पाडल्या गं, शेजार मोडला तो नंतर.’ घरं परत मिळाली, पण संध्याकाळी ओट्यावर बसून एकमेकींना तोंडावर बोलायची सोय गेली. समाज कसा तुटतो याबद्दल मला एवढंच माहीत आहे, आणि ते मला पुरतं. आम्ही नातवंडांनी पथक काढलं त्यामागे तो बोळ परत जमवायची हौस होती.

सराव नदीपात्रात. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की धावपळ करून ढोल शेडमध्ये न्यायचे. सराव संपला की तिथेच कट्ट्यावर चहा आणि भांडण. भांडण रोजचं होतं. कोणाचा ठोका चुकला, ध्वज कोण धरणार, अमुक मंडळाकडून मानधन घ्यायचं की नाही, सगळं तिथेच. एकदा दोघांचं इतकं वाजलं की एकाने ढोल वाजवायचं टिपरू नदीत फेकलं. दुसऱ्या दिवशी दोघंही सरावाला हजर. त्या काळात पथक फुटेल अशी भीती कोणालाच नव्हती.

पाच-सहा वर्षांत आम्ही १८० झालो. ५२ ढोल, १६ ताशे. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर बेलबाग चौकातून निघालो की अलका टॉकीजपर्यंत पाय जमिनीला लागायचे नाहीत. आमच्या प्रमुखाला सगळे दादा म्हणायचे, मी पण. त्याच्यासारखा संघटक मी पुन्हा पाहिला नाही, हे मी त्याच्याशी वैर असतानाही म्हणत होते. पण मोठं झाल्यावर कट्ट्यावरचं भांडण त्याला लाजिरवाणं वाटायला लागलं. ‘नव्या पोरांसमोर नको’, असं म्हणून ते बंद झालं. निर्णय चौघांच्या घरी व्हायला लागले. आम्हाला कळायचं ते ग्रुपवर, हात जोडलेल्या चित्रासकट. सरावाला एकदम शांतता आली. बाहेरचे म्हणायचे, किती शिस्त आहे तुमच्यात. ती शिस्त नव्हती. लोकांनी बोलणं सोडलं होतं.

२०१४ च्या जूनमध्ये कळलं की विसर्जनाच्या दिवशी आपण पुण्याबाहेरच्या एका मोठ्या मंडळाची सुपारी घेतली आहे. म्हणजे नारायण पेठेतलं ते लहान मंडळ, ज्यांच्यापुढे आम्ही पहिल्या वर्षी फुकट वाजवलं होतं, त्यांना नकार गेला होता. मी बँकेत नोकरी करते, आकड्यांची सवय आहे. सभेत उभी राहिले आणि दोन गोष्टी विचारल्या. हे कोणी ठरवलं? आणि दोन वर्षांचा हिशोब सभेपुढे कधी येणार?

दादा म्हणाला, ‘ताई, आपण कुटुंब आहोत. घरच्या माणसांनी हिशोब मागायचा नसतो.’

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे महिनाभरात माझ्या बाजूला होते, आणि ज्यांनी मला त्या रात्री घरी सोडलं ते दुसऱ्या बाजूला गेले. पुढची सभा नोटीस न काढता झाली. अकरा जणांना ग्रुपमधून काढलं. मग आमचा वेगळा ग्रुप, त्यांचा वेगळा, आणि दोन्हींत असलेली चार-पाच बिचारी पोरं, जी दोन्हीकडे खोटं बोलून थकली.

जुलैत एका रात्री शेडवाल्या काकांचा फोन आला. टेम्पो लागलाय, ढोल चाललेत, तुम्हाला माहीत आहे ना? मी पोचले तेव्हा ३० गेले होते. त्यात एक ढोल माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ मी २००९ ला दिलेला होता. लाकडावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव होतं. पुढच्या वर्षी मिरवणुकीत लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर उभी होते, तो ढोल माझ्यासमोरून गेला. नाव तसंच होतं, पुसलेलं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी वाजवत होती, मनापासून वाजवत होती. तिला हाक मारून काय सांगणार?

म्हणून माझं उत्तर असं. संस्था भांडणाने फुटत नाही. भांडायची जागा बंद केली की फुटते. ज्या दिवशी कोणी संस्थेला ‘कुटुंब’ म्हणेल त्या दिवशी सावध व्हा. घरात बापाला प्रश्न विचारला की तो उद्धटपणा होतो, आणि घरातून राजीनामा देता येत नाही. संस्थेत या दोन्ही गोष्टी करता आल्याच पाहिजेत. नाही आल्या तर विचारणारा शत्रू ठरतो आणि जाणारा गद्दार.

शेवटच्या भेटीत दादाने मला ऐकवलं, ‘टिळक-आगरकर वेगळे झाले, तिथे आपण कोण?’ पुण्यात कुठलीही फूट पडली की हे वाक्य येतंच. गेली दहा वर्षं मी त्याला मनातल्या मनात उत्तर देते आहे, आज इथे देते.

ते दोघे १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिलेले. राजकारण आधी की समाजसुधारणा आधी, यावर बिनसलं. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून टिळक १८९० मध्ये गेले. तिथे आजीव सदस्यांनी बाहेरची कामं घ्यावीत का, जादा मिळकत कोणाची, असले अगदी रोकडे वाद होते. टिळकांनी लांबलचक लेखी राजीनामा दिला, कारणांसकट. एकमेकांवर जे लिहिलं ते छापून लिहिलं, बोचरं लिहिलं. पण न्यू इंग्लिश स्कूलची बाकं कोणी रात्रीतून नेली नाहीत. शाळा राहिली, फर्ग्युसन राहिलं. माणसं गेली, संस्था मागे उभी राहिली, कारण जाण्याचा रस्ता उघडा होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

आणि वाईट फुटीचा दाखलाही इथलाच आहे. पुण्याची सार्वजनिक सभा, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था, १८७० पासूनची. १८९५ मध्ये टिळकांच्या गटाने बहुमत जमवून ती ताब्यात घेतली. रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. दुष्काळातल्या चळवळीनंतर १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. नियमाने पाहिलं तर त्या बहुमतात गैर काही नव्हतं. तरी एकेकाळी एकट्या सभेचं जे वजन होतं, ते नंतर दोन्ही मिळूनही आलं नाही, असं माझं मत आहे. मतं मोजून जिंकलात तरी हरलेल्याला आत राहावंसं वाटलं पाहिजे. आमच्याकडे तर मोजणीही झाली नाही.

प्रत्येक फूट वाईट असंही मी म्हणत नाही. १९७२ च्या डिसेंबरात भालबा केळकरांच्या पीडीएने, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्याच्या नाट्यसंस्थेने, तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं. प्रयोग पुढे चालू ठेवायचे की नाही यावर संस्थेतच दुफळी झाली, आणि १९७३ मध्ये तरुण मंडळी बाहेर पडली. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर. त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि ते नाटक जगभर नेलं. तिथे दोन्ही बाजूंना आपल्याला काय हवं आहे ते स्पष्ट माहीत होतं. एकाला ते नाटक करायचं होतं, दुसऱ्याला नव्हतं. अशा वेळी वेगळं व्हावंच. तुमच्याकडे कुठल्या एका गोष्टीवरून फाटलं, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का बघा. नसेल येत, तर फुटीचं खरं कारण अजून कोणी बोललेलं नाही.

माणसाच्या मनाबद्दल. इथे आधी एक गैरसमज दूर करते, कारण तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी तेच लिहिलंय. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं नव्हेत. हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने १९०८ साली आणला, त्याचा शब्दशः अर्थ ‘दुभंगलेलं मन’, आपल्याकडे छिन्नमनस्कता. पण त्याला म्हणायचं होतं विचार, भावना आणि वागणं यांचा एकमेकांशी सांधा सुटणं. एकाच शरीरात वेगवेगळ्या ओळखी असणं हा निराळा आजार आहे. घरात कोणाला आवाज ऐकू येत असतील, भलते संशय येत असतील, तर सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. पथकाच्या गोष्टीतून त्यावर काही शिकायला जाऊ नका.

माझं जे झालं ते आजार नव्हता. दोन वर्षं मी ऑफिसात, नातेवाइकांत सांगत होते, ‘सुटले बाई, डोक्याला ताप होता.’ आणि भाद्रपद लागला की खिडक्या लावून घेत होते. टेबलावर बोटं चालायला लागली की हात मांडीखाली दाबून बसायचे. नदीवरच्या म्हात्रे पुलावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्याने घरी यायचे आणि नवऱ्याला ट्रॅफिकचं कारण सांगायचे. एकाच बाईच्या दोन गोष्टी, आणि त्या एकमेकींना कधी भेटत नव्हत्या. माझ्यातही तेच झालं होतं, बोलायची जागा बंद. एका दिवाळीत सासूबाईंनी विचारलं, ‘तुला वाजवायची आठवण येते का गं?’ मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या अर्धा तास रडले. त्यानंतर बरं वाटायला लागलं. माझ्यापुरतं एवढंच, सगळ्यांचं असंच होतं असं नाही.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. हिशोब शेवटी मिळाला. ढोल गेले त्याच रात्री, दोन वाजता, माझ्याकडे होती तेवढी अर्धवट कागदपत्रं मी सगळ्या १८० जणांना पाठवली, ‘पैसे कुठे गेले?’ असं वर लिहून. दादाच्या आईनेही ते वाचलं. तीन महिन्यांनी पूर्ण वह्या हातात आल्या, मी स्वतः तपासल्या. हिशोब चोख होता. एका रुपयाचीही अफरातफर नव्हती. मी तसं लेखी कळवलं, सगळ्यांना, पण तोवर दोन पथकं झाली होती. लोक मला अजून म्हणतात, आधी दादाच्या घरी जाऊन विचारलं असतंस तर? त्या रात्रीचा मेसेज चुकला, पूर्ण चुकला. सभेत विचारलं ते चुकलं नाही. सगळ्यांच्या पैशाबद्दल सगळ्यांसमोरच विचारायचं असतं, घरी चहा पीत नाही. वही चोख असताना ती दाखवायला नकार का दिला, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

तुमची संस्था नोंदणीकृत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून कामाचं थोडं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्था विसर्जित झाली तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. म्हणजे ‘अर्धं तुमचं, अर्धं आमचं’ हे बोलणंच कायद्यात बसत नाही. सार्वजनिक न्यास (पब्लिक ट्रस्ट) म्हणून नोंद असेल तर कार्यकारिणी बदलल्याचा, त्या न्यासांच्या कायद्याच्या कलम २२ खालचा अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत जायला हवा. दोन्ही गट आपापला अर्ज घेऊन पोचले की प्रकरण वर्षानुवर्षं चालतं, तेव्हा त्याआधीच सभा बोलवा. नोटीस लेखी काढा, पलीकडच्या गटातल्या प्रत्येकाला पोच घेऊन द्या. इतिवृत्त त्यांच्यातल्या कोणाला तरी लिहायला सांगा.

आणि आज संध्याकाळी गोदामात जाऊन वस्तूंची यादी करा. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. कोणी कोणाच्या स्मरणार्थ काही दिलं असेल तर ते नावासकट वेगळं लिहा. आमच्या यादीत तो ढोल ३१ नंबरचा होता. यादीवर सही फक्त माझीच होती.