वाचकांचे प्रश्न : दंड, खटला आणि परदेशवारी

प्रश्न : मी मडगावचा, पासपोर्ट पोर्तुगीज. सात महिन्यांपूर्वी दारू पिऊन स्कूटर चालवताना सापडलो. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला. पुढच्या महिन्यात इंग्लंडमधल्या स्विंडनला बहिणीकडे जायचंय. ब्रिटनचं ईटीए (व्हिसा न लागणाऱ्यांनी निघण्याआधी काढायची प्रवास-परवानगी) मिळेल का? एजंट म्हणतो, दंडाचं लिहूच नका. अडलंच तर व्हिसा काढू.

उत्तर : इतक्यात नाही मिळणार. २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय पासपोर्टवाल्यांनाही ब्रिटनसाठी ईटीए लागतं. कुठल्याही देशात बारा महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली असेल, तर अर्ज नामंजूर होतो, मग ती कितीही जुनी असो. शिक्षा किरकोळ असली, तरी दोषी ठरल्याला बारा महिने उलटलेले नसतील तर उत्तर तेच. जागेवर भरलेलं चलान यात येत नाही. पण तुम्ही न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल केलात, म्हणजे दोषी ठरलात. दंड हजाराचा की दहा हजारांचा, याला महत्त्व नाही.

एजंटचे दोन्ही सल्ले वाईट. अर्जात ‘कधीही, कुठल्याही देशात’ असं विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहिलेलं उघडकीस आलं, तर दंडापेक्षा तेच जड जाईल. आणि ईटीए नाकारलं की व्हिसा मागता येतो हे खरं, पण केवळ दंड झालेल्यांना पर्यटक व्हिसासाठीही दोषी ठरल्यापासून बारा महिने थांबावंच लागतं. आज अर्ज केलात तर पैसे पाण्यात. कमी मुदतीची कैद झालेल्यांना तर व्हिसाच जास्त कडक: तिथे बारा महिने शिक्षा संपल्यापासून धरतात.

तेव्हा निदान पाच महिने थांबा. तारीख निकालपत्रावरची धरा, पोलिसांनी पकडल्याची नव्हे. निकालाची प्रमाणित प्रत आताच काढून ठेवा. कोर्टाच्या कागदावर एक आडनाव आणि पोर्तुगीज पासपोर्टवर दुसरं, असा घोळ गोव्यात नवा नाही. तसं असेल तर दोन्ही नावं जोडणारा कागदही जवळ ठेवा. ईटीए मिळालं म्हणजे प्रवेश मिळालाच असं नाही, विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो.

प्रश्न : चेक न वटल्याचा खटला पुण्यात सुरू आहे. भारतीय पासपोर्टची मुदत संपतेय. नूतनीकरण होईल का?

उत्तर : होईल, पण कोर्टाची परवानगी लागेल. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) नुसार प्रलंबित फौजदारी खटला आड येतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने कोर्टाच्या आदेशावर सूट दिली आहे. खरी गोम मुदतीत आहे. आदेशात मुदत लिहिलेली नसेल, तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. ‘प्रवासास हरकत नाही’ एवढाच आदेश घेऊन परतणारे इथेच फसतात. वकिलांना सांगून अर्जातच ‘दहा वर्षांसाठी नूतनीकरण’ अशी स्पष्ट मागणी करायला लावा. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये खटला लपवू नका. पोलीस पडताळणीत तो निघतोच.