वही आधी परत करा

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. आम्ही मिरजेत राहतो. दहावीला तिला ९४ टक्के होते, अकरावीच्या पहिल्या सत्रात फिजिक्समध्ये जेमतेम पास झाली. दीडेक वर्षापासून तिला एकच वेड लागलंय : चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं चर्चमधलं समूहगान, तेही लॅटिनमध्ये. रात्री एक-एक वाजेपर्यंत हेडफोन कानाला. एकच रचना वेगवेगळ्या ग्रुपची ऐकते आणि वहीत काहीबाही लिहीत बसते. तुम्हाला कल्पना यावी म्हणून त्या वहीच्या काही पानांचे फोटो सोबत जोडतोय. सध्या वही आणि हेडफोन मी कपाटात ठेवलेत. सीईटीला ९५ पर्सेंटाइल आले की परत मिळतील, असं सांगितलंय. नातेवाईक विचारतात, पोरीला धर्म बदलायचाय की काय? ती म्हणते, ‘मला यातच काहीतरी करायचंय.’ यात करिअर असतं का? साउंड इंजिनिअरिंगला घालायचं म्हटलं तर जेईईची तयारी उपयोगी पडेल ना? – एक वडील, मिरज

उत्तर : फिजिक्सच्या मार्कांची मला फारशी काळजी वाटली नाही. दहावीला नव्वदीत असलेली मुलं अकरावीच्या पहिल्या सत्रात घसरतात, हे दर वर्षी पाहते. त्याला लॅटिन लागत नाही. मी अडखळले ती वहीपाशी. हे फोटो पाठवताना तुम्ही तिला विचारलंत का? पत्रात तसा उल्लेख नाही, त्यामुळे विचारलं नसावं असंच धरून चालते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःच्या हातानं लिहिलेली वही तिच्या नकळत एका अनोळखी बाईकडे जाते आणि तीही ‘बघा, ही काय करत बसते’ म्हणून. तिला हे कळेल तेव्हा (आणि कळेलच) ती तुम्हाला पुढची वही दाखवणार नाही. मग तिला काय हवंय ते जाणून घ्यायला तुम्हाला माझ्यासारखीला पत्रं लिहीत बसावं लागेल.

कुलपाचं तर त्याहून वाईट. रात्री एकपर्यंत जागणं बंद करायलाच हवं, त्यात मी तुमच्या बाजूची आहे. साडेदहाला हेडफोन हॉलमध्ये, विषय संपला. पण तुम्ही झोपेचा नियम केला नाही, सौदा केलात. तिला जे मनापासून आवडतं ते ९५ पर्सेंटाइलच्या बदल्यात गहाण टाकलंत. समजा ९१ आले, तर? वही जन्मभर कपाटात? अशा सौद्यातून अभ्यास वाढल्याचं मी क्वचित पाहिलंय. आवडीच्या आड आलेल्या विषयाचा तिटकारा मात्र हमखास वाढतो. फिजिक्सचं तिच्याशी काही वाकडं नव्हतं. ते तुम्ही केलंत.

नातेवाइकांचा प्रश्न एका वाक्यात मिटवा. त्यांना म्हणावं, आपल्याच गावात मिरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं होतं, तिथे मांडी घालून बसणाऱ्याला हे कधी विचारता का?

आता त्या पानांबद्दल. ती तुम्ही पुरावा म्हणून पाठवलीत आणि पुरावा उलटला आहे.

पहिल्या दोन पानांवर पॅलेस्ट्रिना या सोळाव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराच्या ‘मिसा पापे मार्चेली’चा तक्ता आहे. ही सहा आवाजांची रचना १५६७ साली छापली गेली. टॅलिस स्कॉलर्स या इंग्रज ग्रुपचं १९८० चं ध्वनिमुद्रण, जागा ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजचं चॅपेल. त्याच ग्रुपचं १९९४ चं, रोमच्या सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकात श्रोत्यांसमोर केलेलं. वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलचं, ज्यात वरच्या पट्टीला बायकांऐवजी लहान मुलगे आहेत. आणि २०१६ चं, खुद्द व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेल गायकवृंदाचं. प्रत्येकापुढे तिनं लिहिलंय : वरचा आवाज कुणाचा, घुमारा किती वेळ राहतो, शब्द कुठे विरघळतात, कुठे गायक घाई करतात. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. संगीतावर लिहून पोट भरणारी माणसं याच कामाचे पैसे घेतात आणि त्यातले बरेच जण इतक्या बारकाईनं ऐकत नाहीत.

तिसरं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर अल्लेग्री या इटालियन संगीतकाराच्या ‘मिझेरेरे’च्या ध्वनिमुद्रणांची तुलना आहे. ही रचना १६३० च्या दशकातली, म्हणजे काटेकोर बोलायचं तर रेनेसाँ (युरोपातला प्रबोधनकाळ) उलटून गेल्यावरची, पण घडण जुन्याच वळणाची. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं १९६३ चं ध्वनिमुद्रण इंग्रजीत आहे आणि टॅलिस स्कॉलर्सचं लॅटिनमध्ये, हे तर तिनं टिपलंयच. पण त्याखाली पेन्सिलीनं एक ओळ आहे : ‘दोन्हीत तो प्रसिद्ध उंच सूर येण्याआधी षड्जच बदलल्यासारखा वाटतो. मुद्दाम केलंय की कुणाची चूक?’

चूकच आहे, निदान अपघात तरी. ज्या उंच सुरासाठी जग ही रचना ऐकतं, तो अल्लेग्रीनं लिहिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या नकला एकमेकींत मिसळल्या. मेंडेलसोन या जर्मन संगीतकारानं १८३१ साली रोममध्ये ऐकून टिपून घेतलेला वरच्या पट्टीतला तुकडा नंतर एका संगीतकोशात भलत्याच ओळीला जोडला गेला, आणि विसाव्या शतकातल्या छापील प्रतींनी तो सांधा तसाच पुढे नेला. तो सांधा तुमच्या मुलीला मिरजेत बसून, हेडफोनमधून, नुसत्या कानानं सापडला. कुठे, कसा, कोणत्या स्वरावर, हे मात्र तिला सांगता आलेलं नाही. कारण, पानांवरून दिसतं तेवढ्यावरून बोलते, तिला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही. या सगळ्या प्रकरणातली खरी त्रुटी हीच. फिजिक्स नव्हे.

आणि इथेच तुमचा साउंड इंजिनिअरिंगचा गैरसमज येतो. तुम्हाला वाटतं, ध्वनिमुद्रण म्हणजे यंत्राचं काम, यंत्र म्हटलं की इंजिनिअरिंग, इंजिनिअरिंग म्हटलं की जेईई. या संगीताचं ध्वनिमुद्रण प्रत्यक्षात कसं होतं ते पाहा. ते बहुधा स्टुडिओत होत नाही, दगडी चर्चमध्ये होतं, कारण तिथला घुमारा हा त्या आवाजाचा निम्मा भाग असतो. दहा-बारा गायक, साथीला वाद्य नाही. बाहेरून विमान गेलं, ट्रॅक्टर गेला, पाखरं कलकलली की थांबायचं. बाजूच्या खोलीत ध्वनिमुद्रकाशेजारी निर्माता बसतो, त्याच्या समोर स्वरलिपीची पानं असतात, आणि प्रत्येक टेकमध्ये कुठल्या मात्रेवर कुठला आवाज ढळला याच्या खुणा तो जागच्या जागी करत जातो. नंतर चांगले तुकडे जोडायचे. पण या संगीतात सगळे आवाज एकदम थांबतच नाहीत. एकाची ओळ संपायच्या आत दुसऱ्याची सुरू झालेली असते. कात्री लावायची कुठे? त्यात साथ नसल्यामुळे गाता गाता सगळ्यांचा सूर नकळत खाली येतो, पेटीवाला आला नाही की भजनी मंडळाचा येतो तसा. दहा मिनिटांनी घेतलेला टेक आधीच्यापेक्षा चिमूटभर उतरलेला असेल तर जोड उघडी पडते. हे ज्याला तिथल्या तिथे ऐकू येतं आणि कागदावर दाखवता येतं तोच निर्माता. गणित त्याच्या कामाला येतं, ध्वनिशास्त्रही येतं, पण तो आधी संगीत वाचणारा माणूस असतो. जेईईचा क्लास यातलं काहीही शिकवत नाही.

म्हणून परीक्षांबद्दल थोडक्यात. जेईई आणि सीईटी त्यांच्या जागी ठीक. या वाटेला त्या लागत नाहीत. पुण्याच्या एफटीआयआयमधला ध्वनीचा अभ्यासक्रम कुठल्याही पदवीनंतर करता येतो, पण त्याचा रोख सिनेमाकडे आहे. नेमकं हेच काम शिकवणारा ‘टोनमायस्टर’ अभ्यासक्रम जर्मनीत डेटमोल्डला १९४९ पासून आणि इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठात १९७० पासून आहे. डेटमोल्डच्या प्रवेशपरीक्षेत वाद्य वाजवून दाखवावं लागतं, कानाची परीक्षा होते, संगीतसिद्धांत विचारतात. ९५ पर्सेंटाइल तिथे कुणी पाहत नाही.

दुसरी वाट संपादनाची. जुन्या हस्तलिखितांवरून आजच्या गायकांना गाता येईल अशी प्रत करणं हे स्वतंत्र, कष्टाचं काम आहे. २००५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानं एका ध्वनिमुद्रण कंपनीविरुद्ध निकाल देताना म्हटलं, की तीनशे वर्षांपूर्वीच्या संगीताची अशी प्रत तयार करणाऱ्या संपादकाचाही त्यावर कॉपीराइट असतो. मिझेरेरेचा सांधा ऐकणारी मुलगी मला निर्मात्यापेक्षा या खुर्चीत जास्त शोभेल असं वाटतं. पण हे वाटणं आहे. स्वरलिपी शिकल्यावर तिचं तिला कळेल.

पैशाचं स्पष्ट बोलते. केवळ या संगीताच्या ध्वनिमुद्रणावर जगणारी माणसं जगात फार थोडी. टॅलिस स्कॉलर्स १९७३ मध्ये पीटर फिलिप्स यांनी विद्यार्थीदशेतच सुरू केले आणि पुढे ध्वनिमुद्रणासाठी स्वतःचीच छोटी कंपनी काढावी लागली. १९८७ साली त्यांच्या जोस्कँ या जुन्या संगीतकाराच्या रचनांच्या तबकडीला ‘ग्रामोफोन’ मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा मान मिळाला, तेव्हा कुठे बाकीच्यांचे कान टवकारले. अशा ग्रुपमधले गायकही पगारी नोकर नसतात, कार्यक्रमागणिक मानधन. संपादक बहुतेक विद्यापीठात शिकवतात. ‘पॅकेज किती’ हा प्रश्न मनात असेल तर उत्तर तुम्हाला आवडणार नाही. मात्र संगीत वाचता येणारा, तयार कानाचा माणूस ध्वनीच्या इतर कामांतही लागतो, आणि तशी माणसं आपल्याकडे कमी आहेत.

तिलाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्या तिला वाचून दाखवा. एक, ऐकण्याचे पैसे मिळत नाहीत. कितीही ध्वनिमुद्रणं तोंडपाठ असली तरी ऐकणारा दाराबाहेरच राहतो. दोन, तू जे ऐकतेस तो पॅलेस्ट्रिनाच्या काळचा आवाज नाही. सिस्टीन चॅपेलमध्ये तेव्हा बायका गात नव्हत्या, कुठल्या पट्टीत गायचं हे आजचे दिग्दर्शक ठरवतात, आणि तो नितळ, थरथर नसलेला आवाज ही बऱ्याच अंशी गेल्या पन्नास वर्षांतली इंग्रज पसंती आहे. वहीत ‘अस्सल’ हा शब्द बऱ्याचदा आलाय. तो खोडून ‘मला आवडलेला’ असं लिही, मग तुझी तुलना जास्त खरी होईल.

करायचं काय? जेईईचा क्लास बंद करा. बारावी गणितासह नीट पास होऊ दे, तेवढं पुरे. वाचलेल्या वेळात स्वरलिपी. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीताच्या थिअरीच्या परीक्षा आहेत, ऑनलाइन शिकवणारे भरपूर आहेत, आणि पहिल्या पाच पायऱ्यांना (ग्रेडना) वर्ष-दीड वर्ष लागावं. या रचनांच्या प्रती सीपीडीएल या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिनं ‘मिसा पापे मार्चेली’ची प्रत उघडून एकाच आवाजावर बोट ठेवून ऐकायला सुरुवात करावी, पहिल्या आठवड्यात पार गोंधळेल, गोंधळू द्या. आणि घरात तंबोरा आणा. तुम्ही ज्या गावात राहता तिथे तो घ्यायला परगावाहून लोक येतात. चांगला जुळलेला तंबोरा छेडला की षड्जाच्या तारेतून न वाजवलेला गांधार ऐकू येतो. हे गायक साथीशिवाय गाताना तोच गांधार शोधत असतात. पियानोचा गांधार त्याहून थोडा चढा असतो. ही एक गोष्ट तिला डेटमोल्डच्या मुलांपेक्षा लवकर कळू शकते.

शेवटचं, तिनं गायला हवं. चार जणांत उभं राहून आपला सूर न सोडता दुसऱ्याचा ऐकणं हेडफोन शिकवत नाही. मिरजेत जुनी चर्चेस आहेत, रविवारी गाणारे असतील, जाऊन विचारा. बाप सोबत गेला तर नातेवाइकांची तोंडंही बंद होतील. सुट्टीत गोव्याला जा, गोवा एक्स्प्रेस तुमच्या स्टेशनावरूनच जाते. तिथे पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना स्वर वाचायला शिकवत आले, म्हणून तर आपल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत इतके गोवेकर होते. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. तिथल्या शिक्षकांसमोर तिला बसवा, तिचं मिझेरेरेचं पान तिच्या हातानं दाखवू द्या आणि तुम्ही बाहेर थांबा.

परदेश, कर्ज, फी हा हिशेब थिअरीची पाचवी पायरी झाल्यावर. तोवरचा खर्च जेईईच्या क्लासपेक्षा कमीच येईल, तंबोरा धरूनसुद्धा.