गणितात हुशार असलेला मुलगा सट्ट्यात कसा अडकतो?

"मॅडम, बारावीला गणितात पंचाण्णव होते त्याला. त्याला हिशेब कळत नाही असं कसं म्हणू?" फोंड्याहून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली आई विचारत होती. मुलगा चोविशीचा, कुंडईच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि क्रिकेटच्या सट्ट्यात दोन लाखांचं देणं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला गोव्यातले बरेच पालक विचारतात. मटका नशिबाचा, हे सगळ्यांनाच मान्य असतं. सामन्यावरचा सट्टा मात्र अभ्यासाचा वाटतो, आणि म्हणूनच हुशार मुलं त्यात जास्त खोल जातात.

त्याने वही आणली होती. खेळपट्ट्या, गोलंदाजांचे आकडे, कोण कुठे किती खेळला. अभ्यास खरा होता. जुगार वाईट, हे तो घरी रोज ऐकत होता, त्यात मी भर घातली नाही. विचारलं, "टॉसला भाव काय असतो?"

"दोन्हीकडे नव्वद पैसे."

म्हणजे शंभर लावून जिंकलं तर वर नव्वद मिळणार, हरलं तर शंभर जाणार. मी म्हटलं, शंभर टॉसवर शंभर-शंभर लाव आणि मांड. त्यानेच मांडलं: ५० वेळा जिंकून ४,५०० आले, ५० वेळा हरून ५,००० गेले. दर शंभरामागे सरासरी पाच रुपये गेले, आणि दोन्ही बाजूंना सारखे पैसे लागले असतील तर बुकीला कोण जिंकलं याने फरकच पडत नाही.

मग फुटबॉलचा भाव घेतला. इथे जिंकल्यास एका रुपयामागे, लावलेल्या रुपयासकट, किती परत मिळणार ते लिहिलेलं असतं. घरचा संघ २.१०, बरोबरी ३.३०, पाहुणा संघ ३.४०. एकाला प्रत्येक भावाने भागलं की भावात धरलेली शक्यता निघते: ४७.६, ३०.३ आणि २९.४ टक्के. बेरीज १०७.३. तिन्ही शक्यता मिळून शंभरच व्हायला हव्यात. वरचे सात बुकीचे. त्याने बेरीज दोनदा तपासली. त्याच्या वहीतली खेळपट्टी आणि गोलंदाज भाव काढणाऱ्यालाही माहीत असतात, ते भावात आधीच धरलेले असतात. नुसता सामना ओळखून भागत नाही. नव्वद पैशांच्या भावात पदरचे पैसे न जाण्यासाठीच शंभरातले जवळपास ५३ अंदाज बरोबर यावे लागतात.

"पण मी दुप्पट लावून वसूल करतो," तो म्हणाला. तेही मांडलं. ५००, १,०००, २,०००, ४,००० ओळीने हरला, ७,५०० गेले. पाचव्यांदा ८,००० लावून जिंकला तर मिळणार ७,२००. जिंकूनही तीनशेचा तोटा! हे त्याने कधी शेवटपर्यंत लिहून पाहिलंच नव्हतं.

इथे पालकांना वाटतं, आता कळलं, आता थांबेल. तसं होत नाही. पुढच्या भेटीत तो म्हणाला, "सगळं कळतं, पण हरलो की पुढच्या ओव्हरला हात फोनकडे जातोच." गेलेले पैसे परत आणण्याची ती तगमग गणिताने शमत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी त्याचा बुकी व्हॉट्सॲपवर होताच. खरं काम इथून सुरू झालं.

आईला मी सांगितलं, सोनं मोडून सगळं देणं एकदम गुपचूप फेडू नका. तसं केल्यानेच पुढची उधारी सोपी होते. आधी कोणाचे किती, ही यादी त्याच्या हाताने लिहून घ्या. पगार काही महिने त्याच्या संमतीने तुमच्या देखरेखीखाली ठेवा, त्याला खर्चापुरते द्या, हप्ते बाबांसमोर भरा. बुकीचा नंबर त्याने स्वतः ब्लॉक करायचा. सामन्याच्या संध्याकाळी त्याला एकटं सोडू नका, पण पाळतही ठेवू नका.

झोप उडाली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो बोलत असेल, तर हिशेब बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालतो.

त्याचं देणं अजून फिटलेलं नाही. मधे एकदा त्याने पुन्हा पैसे लावले, आणि दुसऱ्या दिवशी आईला स्वतःहून सांगितलं. तिने फक्त यादी पुढे केली, त्याने रक्कम लिहिली.