ऑनलाइन मासिकात आलेली माझी ८०० शब्दांची इंग्रजी विज्ञानकथा ऑडिओ पॉडकास्टला पाठवता येते का?

हो, येते. छापण्याचे हक्क वेगळे, ऑडिओचे वेगळे; ऑडिओचे तुमच्याकडेच राहिले असतील तर कथा ‘रीप्रिंट’ (आधी कुठे छापून आलेली कथा) म्हणून खुशाल पाठवा. एस्केप पॉड (विज्ञानकथा, २००५ पासून चालू), स्यूडोपॉड (भयकथा), पॉडकॅसल (फँटसी) हे कथांचे पॉडकास्ट आधी छापून आलेल्या कथाही घेतात, त्यांच्या नियमांतच तसं लिहिलेलं असतं. कथा कुठे आणि कधी आली ते पत्रात एका ओळीत सांगायचं, लपवायचं नाही. फक्त आधी करार उघडून ‘एक्सक्लुझिव्ह’ (म्हणजे ठरावीक काळ कथा फक्त त्या मासिकाकडेच) हा शब्द शोधा. सहा महिने किंवा वर्षभराची अट असेल तर ती बहुधा प्रकाशनाच्या तारखेपासून मोजतात, कथा स्वीकारल्याच्या नाही (घोळ होतो तो इथेच). ‘सर्व हक्क’ देऊन बसला असाल तर मात्र संपादकाची लेखी परवानगी लागेल.