शेतकऱ्यांचे प्रश्न : भरपाई निम्म्याच शेताची का आली?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दोन सर्व्हे नंबरांत मिळून माझं तीन एकर जिरायत भात आहे. अतिवृष्टीत दोन्हीकडचं पीक गेलं, पैसे मात्र एकाच नंबरचे जमा झाले. पुन्हा अर्ज करू का?

उत्तर : नुसत्या अर्जाने काही हलणार नाही. आधी तुमच्या एफआयडीला, म्हणजे कर्नाटकातल्या शेतकरी ओळख क्रमांकाला, किती जमीन जोडलेली आहे ते पाहा. भरपाईचा हिशेब 'फ्रूट्स' या सरकारी शेतकरी नोंदणी प्रणालीतल्या या नोंदीवरून होतो, आणि एफआयडी काढताना अनेकांनी हाताशी होता तेवढाच उतारा दिलेला असतो. सगळे चालू उतारे, आधार आणि पासबुक घेऊन रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) जा आणि तुमच्या एफआयडीवरचे सर्व्हे नंबर हिश्श्यासकट वाचून घ्या. ४५/२ आणि ४५/२अ ही दोन वेगळी शेतं आहेत. घोळ बहुधा इथेच होतो.

नंबर जोडताना नाव अडू शकतं. उतारा कन्नडमध्ये, आधारवरचं नाव इंग्रजीत. एकीकडे परशराम, दुसरीकडे परशुराम. अशा वेळी आधार बदलायला धावू नका. पासबुक, पॅन, सोसायटीचं कर्ज सगळं त्याच नावावर असतं, शिवाय आधारवर नाव दोनदाच बदलता येतं. उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला तहसीलदारांकडे अर्ज द्या. वेळ लागतो, पण एकदाच.

एफआयडी बरोबर निघाला तर पीक समीक्षेतली, म्हणजे सरकारी पीक पाहणीतली, नोंद तपासा. 'बेळे दर्शक' ॲपवर तुमच्या नंबरात कोणतं पीक लिहिलंय ते फोटोसकट दिसतं. भाताच्या जागी ऊस किंवा पडीक लागलं असेल तर तिथेच हरकत नोंदवा, हंगाम संपायच्या आत. पंचनामा झाल्यावर ती नोंद फिरवणं फार अवघड जातं.

रक्कमही ताडून पाहा. २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या केंद्राच्या निकषानुसार ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झाल्यास जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये मिळतात, तेही दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे सुमारे ४ एकर ३८ गुंठे. एकरी जिरायतीचे साधारण ३,४४० होतात. तीन एकरांना १०,३०० च्या आसपास धरा. ही पिकाची पूर्ण किंमत नाही, पुढच्या पेरणीसाठीचा हातभार आहे.

प्रश्न : पीएम किसानचा हप्ता 'जमा' दाखवतो, पण माझ्या सोसायटीच्या बँकेत आलेला नाही.

उत्तर : दुसऱ्या बँकेत पाहा. हे पैसे आधारवर जातात, आणि आधार शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला तिथे पडतात. गॅस किंवा मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी मध्ये कुठे नवं खातं उघडलं होतं का, ते आठवा. खात्याच्या केवायसीला आधार दिला म्हणजे जोडणी झाली असं नाही. त्यासाठी बँकेत वेगळा संमती अर्ज भरावा लागतो.

प्रश्न : वडील वारले. उतारा अजून त्यांच्याच नावावर आहे. पीएम किसानचा हप्ता आम्हाला मिळेल का?

उत्तर : वारसा नोंद झाल्याशिवाय नाही. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) अर्ज करा. योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन चालत नाही, पण वारशाने आलेली चालते. मात्र वडिलांच्या नावाचे हप्ते येत राहिले असतील तर ते उचलू नका, वसुली लागते.

प्रश्न : थोडी जमीन कर्नाटकात निपाणीत, थोडी महाराष्ट्रात कागल तालुक्यात आहे. दोन्हीकडून लाभ घेता येईल का?

उत्तर : पीएम किसान कुटुंबाला एकदाच, वर्षाला ६,००० रुपये. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब धरतात. नवऱ्याने इकडून, बायकोने तिकडून नाव घातलं तरी तो लाभ दोनदा घेतल्यासारखाच होतो, ते चालत नाही. महाराष्ट्राच्या 'नमो शेतकरी' योजनेचा हप्ता तिथल्या यादीत असणाऱ्यालाच मिळतो. पीक नुकसानीचं तसं नाही. जमीन ज्या राज्यात, पंचनामा आणि भरपाई त्याच राज्यात. त्यामुळे निपाणीच्या शेतासाठी एफआयडी काढावाच लागेल, कागलचा सातबारा तिथे चालणार नाही.